पापणीवरचं अंडं

सर्किट बोर्डवरचं तिळाएवढं बटण नखाने दाबून धरत त्याने केबल पुन्हा खोचली. हिरवा दिवा लागला. लॅपटॉप मात्र ढिम्म. बोर्ड जोडलेलाच नाही, हे त्याच्या पडद्यावरचं सकाळपासूनचं पालुपद.

मागे वहिनी उबवणीच्या पेटीशी स्टुलावर बसली होती. एक अंडं काढून तिने मिटलेल्या पापणीला टेकवलं, क्षणभर थांबली आणि पेटीतले बल्ब बंद केले.

"तापलंय?"

"जरासं. तुम्ही तुमचं बघा, भाऊजी."

पेटीत कोंबडीची दोनशे चाळीस अंडी होती आणि आज विसावा दिवस होता; एकविसाव्याला पिल्लं बाहेर यायची. मागची खेप सगळी वाया गेली तेव्हा, ही शेवटची, नाही जमलं तर पेटी मोडीत, असं म्हणून वहिनीने ही अंडी मांडली होती. विकतचं यंत्र कशाला, मी करून देतो, असं छातीठोकपणे सांगणारा तोच. तापमान राखणारा त्याचा बोर्ड एकोणीस दिवस बिनबोभाट चालला. आणि आज, काही अडलेलं नसताना, त्याला बूटलोडर नवा करायची हुक्की आली. बूटलोडर म्हणजे बोर्ड जागा होताच सर्वांत आधी चालणारा इवलासा प्रोग्राम. तो अर्धा लिहून झालेला असताना कोपराचा धक्का लागला, केबल तुटली आणि बोर्ड मुका झाला. टेबलावरची दुसरी केबल घेऊन तो तेव्हापासून झटत होता.

"बोर्डच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"बटण धरून जोडा."

"मग बटणाला वाचून दाखवा एकदा."

तो हसला नाही. पुन्हा बटण, पुन्हा केबल, पुन्हा हिरवा दिवा. बोटाच्या टोकाला खड्डा पडला होता. त्याने हात मांडीवर ठेवले.

"वहिनी, माझ्याच्याने नाही होत."

तिने पेटीतले बल्ब लावले. मग म्हणाली,

"बरं. मग माझ्या टॉर्चची केबल तेवढी द्या. वीज गेली तर टॉर्च तरी भरलेली हवी."

"ही टॉर्चची आहे?"

"तिच्याबरोबरच आलेली. मोबाइलही चार्ज होतो, पण फोटो जात नाहीत तिच्यातून."

तो केबलकडे बघत राहिला. नुसती वीज नेणारी. म्हणून दिवा लागत होता.

"फोटो जातात ती कुठाय?"

"कपाटात. कापडी पिशवीत."

या वेळी लॅपटॉप टुणकन वाजला. दोन्ही कोपरं बरगड्यांशी आवळून तो पडद्यावरचे आकडे चढताना बघत बसला. बूटलोडर बोर्डात गेला, मागोमाग तापमानाचा प्रोग्राम. पेटीवर साडेसदतीस उमटलं आणि बल्ब आपणहून विझले.

"झालं," तो पुटपुटला.

वहिनीने आकड्याकडे पाहिलंही नाही. अंडं उचलून पापणीला लावलं. बराच वेळ तशीच राहिली. मग उठून त्याच्यापाशी आली.

"डोळा मिटा."

पापणीवर टेकलेल्या अंड्याची ऊब बरोबर होती. तो तसं सांगणार, एवढ्यात कवचाच्या आतून काहीतरी ठोकलं. थांबून, पुन्हा एकदा.

"ठीक आहे ना?" वहिनीने विचारलं.

त्याने डोळा उघडला नाही.