कॉलेजाचं स्थळ

१९५६ साली सणसरची रतन मॅट्रिक पास झाली, आणि तिचे वडील हिंदुराव आणि चुलते दत्तोबा पुण्याला कॉलेज बघून आले. स्थळ बघायला जातात तसेच, फेटे बांधून गेले होते. आले ते नापसंती घेऊनच.

फॉर्म द्यायला उद्याचाच दिवस होता. फॉर्म हातात घेऊनच रतन दोघांसमोर उभी राहिली.

“काय खोट निघाली, आबा?”

“प्रिन्सिपल बसा म्हनला, पन चहा इचारला न्हाय,” हिंदुराव म्हणाले.

“आन् समदा कारभार नळावर. विहीरच न्हाय,” दत्तोबांनी भर घातली. “असल्या घरी पोरगी द्यायची?”

“मला तितं नांदायचं न्हाय, शिकायचं हाय. शिकवत्यात कसं, ते इचारलं का?”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तेवढं राहूनच गेलं होतं.

रतननं फॉर्म वडिलांच्या मांडीवर आपटला. “करा सही. उद्याच्या पहिल्या मोटारीनं मी जाणार. न्हायतर चहापायी पोरगी घरात बसवली म्हणून पाव्हण्यारावळ्यांत तुमीच सांगत फिरा.”

हिंदुरावांनी सही केली. रतन फॉर्म घेऊन आत गेल्यावर ते दत्तोबांच्या कानाशी लागले.

“पोरगी तापट हाय, हे त्या लोकांना आदीच सांगाय पायजे हुतं.”