दहापैकी आठ

चकती पिवळी होती, बिस्किटाएवढी, मधे चाळणीसारखी भोकं – माशीला वारा लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली – आणि ती बाबांच्या चादरीवर पालथी पडली होती, माश्या मारायच्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीला हातभर दोऱ्याने बांधलेली. माशी केव्हाच खिडकीच्या चौकटीवर जाऊन निवांत पाय चोळत होती.

"गेली," बाबा म्हणाले.

तिने दोरा गुंडाळला, चकती नळीत बसवली आणि बंदूक पुन्हा त्यांच्या डाव्या हातात दिली. उजवा हात चार महिन्यांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला होता. डाव्या हाताला झेपावा म्हणून तिने या एका बंदुकीचा चाप सैल केला होता, वेळ जाईल, बोटं हलती राहतील म्हणून... आणि आठ दिवसांत एक माशी मेली नव्हती.

"दहापैकी आठ म्हणालीस ना?"

"हो. टेस्टिंगमध्ये."

"मग हाही हात चालला माझा," ते म्हणाले, आणि बंदूक उशीपाशी ठेवून भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस झाले, चमचाही धरत नव्हते. ती भरवायची आणि ते मुकाट्याने तोंड उघडायचे – ज्या माणसाने तीस वर्षं लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखला, तो. पाहवत नाही ते.

माश्या-डास मारायच्या वस्तू बनवणाऱ्या कंपनीत तिला ही नोकरी लागली तेव्हा ते शेजारीपाजारी सांगत सुटले होते, लोक रिकामे बसून माश्या मारतात, आमची लेक नोकरी धरून मारते. कौतुक होतं की टोमणा, तिला आजवर कळलेलं नाही. मग तिने जीभ बाहेर काढणारा बेडूक केला, मीठ उडवणारं पिस्तूल केलं, डास मेला की सुरावट वाजवणारी रॅकेट केली, आणि प्रत्येक वस्तू आधी घरी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ते उलटीपालटी करून बघायचे आणि म्हणायचे, "चालते का पण?" बस्स, एवढंच. चालते, बाबा. दहापैकी आठ.

ती कामावर पोहोचली तेव्हा टेस्टिंगच्या खोलीत मास्तर आधीच आले होते. पूर्वी शाळेत शिकवायचे, आता कंपनीसाठी माश्या पाळतात आणि शाळेपेक्षा वर्ग शांत आहे म्हणतात. त्यांनी फ्रिजमधून बरणी काढली, काचेच्या पेटीत उपडी केली.

"चला बाई, गारठल्यात तोवर उरकून घेऊ."

हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं असेल. पण आज तिचा हात चापावरच राहिला. पेटीच्या तळाशी माश्या पेंगुळल्यासारख्या चालत होत्या, एखादी उडायचा प्रयत्न करून पुन्हा बसत होती...

"मास्तर, आपण आधी थांबायचो ना? त्या शुद्धीवर येईपर्यंत?"

"थांबायचो की. पण मग दुपार व्हायची. तुम्हीच म्हणालात, राहू दे, आकडा तर येतोय."

मीच म्हणाले असेन. घाईच्या कुठल्यातरी दिवशी, डबा खाता खाता... आणि ते थांबणं असं सुटलं की कुणाला आठवलंही नाही. आज ती थांबली. दहा मिनिटांनी पेटीत नुसता धुमाकूळ झाला, आणि दहा चकत्यांत एक माशी मेली, तीही बहुधा काचेवर आपटून. मास्तरांनी वही मिटून ठेवली.

अर्धी रजा टाकून ती घरी निघाली. वाटेत मनात एक सोयीचं खोटं जुळत होतं – स्प्रिंग सैल पडली होती, नवीन घातली, आता मारून बघा. कुणाला काय कळणार होतं? बाबांना कळलं असतं.

"बाबा, त्या माश्या गारठलेल्या होत्या," तिने चपला काढायच्या आधी सांगून टाकलं. "फ्रिजमधल्या. जाग्या माश्यांवर दहात एक बसते. कुणाच्याही हातून."

 बाबांनी डावा हात चादरीबाहेर काढला, बोटं उघडली, मिटली. ती बोलणी खायला तयार होती, खरं तर बोलणी बसावीत म्हणूनच धावत आली होती.

"आणि मी आठ दिवस हात गेला, हात गेला म्हणतोय," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तर तुला एकदाही बंदुकीचा संशय आला नाही?"

नाही आला. बंदूक माझी होती म्हणून... हात त्यांचा होता, म्हातारा, आजारी, त्याच्यावर ढकलणं किती सोपं गेलं. परवाच तिने डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं, दुसरी बाजूही जाते का हो, आणि ते 'जाऊ शकते' म्हणाले तेव्हा रडू यायच्या आधी तिला क्षणभर, हो, क्षणभरच, आपली बंदूक निर्दोष ठरली म्हणून सुटल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा तिने ते नीट बघितलंही नव्हतं.

बाबांनी कोपर टेकून अंग थोडं सरकवलं आणि पलंगाच्या कडेवर डाव्या हाताने थोपटलं.

"बस."

ती बसली. राग गेला होता की फक्त दमलेली लेक दिसली होती त्यांना, तिला ठरवता येईना. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला, तिने दिला, आणि ते बंदूक छातीवर टेकवून एका हाताने उघडू लागले. ती मदतीला पुढे झाली नाही. डॉक्टरांना केलेल्या त्या फोनचं अजून सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय आता तिला इथून उठता येणार नव्हतं.