दारामागच्या पाच जुड्या

देवयानी सरपोतदारला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे तिनं इंटरव्ह्यूतच सांगून टाकलं होतं. वेनब्रुक टाउन क्लबचा चीफ एक्झिक्युटिव्ह ॲलन प्रॉक्टर ते ऐकून खूश झाला. फुटबॉल कळणारी माणसं इथं ढिगानं आहेत, त्यांनीच तर वाट लावलीय, आम्हाला बेरीज कळणारं माणूस हवंय, असं म्हणाला. वॉटफर्डच्या पुढं दोन स्टेशनांवरचा हा लहानसा क्लब. पुण्यात कॉस्टिंग शिकलेली, बारा वर्षं वॉटफर्डला एका बिस्किट कंपनीत किमती काढलेली ही बाई तिथं खेळाडूंच्या पगाराचा तक्ता सांभाळायला बसली. नवरा म्हणाला, बिस्किटं निदान मोडली तरी एजंटला फोन करत नाहीत.

आता देवयानीचा स्वभाव असा, की ‘का?’ विचारल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. बसस्टॉपवर दोन माणसं हुज्जत घालत असतील तर ही बस सोडेल, पण भांडण कशावरून ते ऐकून घेईल. त्यामुळे पहिल्या महिन्यातच तिनं क्लबमधल्या प्रत्येकाला प्रश्नांनी भंडावून सोडलं, आणि सगळ्यात जास्त कुशला. कुश हा क्लबचा ॲनालिस्ट, सामन्यांची आकडेवारी काढणारा. सव्वीस वर्षांचा, वॉटफर्डमध्येच जन्मलेला, आजोबा कोल्हापूरचे. तो तिला आधी आंटी म्हणाला, तिनं डोळे वटारल्यावर ताई म्हणायला लागला.

लीगचा नियम तसा साधा होता. क्लबाला तिकिटांतून, जाहिरातींतून जे मिळतं, त्यातला ठरावीक हिस्साच खेळाडूंच्या पगारावर घालवायचा. अंथरूण पाहून पाय पसरा, एवढंच की. फरक इतकाच, की इथं पाय बाहेर आला तर लीग नवा खेळाडू नोंदवूच देत नाही. पण त्या अंथरुणात संघ कसा बसवायचा, याची गंमत देवयानीला दिवसेंदिवस चढत गेली. डाव्या पायाचा बचावपटू उजव्यापेक्षा महाग का? मोठ्या क्लबाचा पोरगा उसना आणला तर त्याचा निम्मा पगार ते देतात, मग सगळेच उसने का नाही आणत? कोवळ्या पोरांचा पगार मर्यादेत धरत नाहीत, मग अकराच्या अकरा कोवळी का नाही उतरवत?

“ताई, कारण समोरचा टीम पण मोठा असतो ना,” कुश म्हणाला. “मग आमची बच्चा पार्टी रडेल. आणि लेफ्ट फुटेड डिफेंडर म्हणजे तुमचा हापूस. सीझनमध्ये पण महाग.”

हापूस म्हटल्यावर तिला सगळं एकदम समजलं. बाजारात जाऊन सहा हापूस घ्यायचे की दोन हापूस आणि डझनभर पायरी, एवढाच प्रश्न होता. फक्त इथल्या पायरीला एजंट असतात.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र तिला उलगडत नव्हती. दर गुरुवारी संघ निवडणारा मॅनेजर तिच्या टेबलाशी यायचा आणि एकच विचारायचा, ग्लेनचा आकडा किती? ती तक्त्यातल्या खेळलेल्या सामन्यांच्या खान्यात बघून सांगायची, चोवीस. तो मान हलवून जायचा. पुढच्या गुरुवारी परत, ग्लेनचा आकडा किती? परत चोवीस. आकडा हलेना, आणि हा विचारायचा थांबेना. सात आठवडे हा खेळ चालला.

ग्लेन होल्रॉइड म्हणजे कॅप्टन. पस्तिशीचा, मधल्या फळीमागे भिंतीसारखा उभा राहणारा, या क्लबात बारा वर्षं काढलेला गडी. कॅन्टीनमध्ये स्वतःची बशी स्वतः विसळणारा हा एकमेव खेळाडू, म्हणून देवयानीला आवडायचा. मार्चपर्यंत प्रत्येक सामन्यात असलेला हा माणूस एकाएकी बाकावर जाऊन बसला होता, आणि तिकडं क्लब शनिवारमागून शनिवार गोल खात होता. मग चांगला माणूस बाहेर का?

तिनं कुशला विचारलं. तो आवाज उतरवून म्हणाला, की ग्लेनच्या करारात एक कलम आहे. हंगामात पंचवीस वेळा सुरुवातीच्या अकरांत उतरला, तर करार आपोआप एक वर्ष वाढतो, याच पगारावर. पुढच्या वर्षी ॲलनला गोल मारणारा एक स्ट्रायकर आणायचाय. ग्लेनचा पगार राहिला तर तो मर्यादेत बसत नाही. म्हणून चोवीसवर थांबवलाय.

देवयानी थक्क झाली. म्हणजे आपल्या तक्त्यातल्या एका खान्यानं जिवंत माणसाला सात आठवडे बाकावर बसवून ठेवलं होतं, आणि आपण दर गुरुवारी हसतमुखानं तो आकडा वाचून दाखवत होतो. तिला वाईट वाटलं. पण नियमात बसतंय म्हणाले सगळे, आणि आकडा तर बरोबरच होता. ती गप्प बसली.

गप्पच बसली असती, पण क्लबचं वॉशिंग मशीन बिघडलं. हंगामाचे शेवटचे दोन सामने उरले होते. मशीनची गॅरंटी संपलीय का ते बघायला ती बुधवारी सकाळी खाली बूट ठेवायच्या खोलीत गेली. खोलीत कोणी नव्हतं. दार लोटल्यावर तिला दाराची मागची बाजू दिसली, आणि मशीन राहिलं बाजूला. पांढऱ्या दारावर काळ्या मार्करनं खेळाडूंची नावं होती, आणि प्रत्येक नावापुढं रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी मारून जुडी बांधलेली. मागून आलेल्या कपडे धुणाऱ्या बाईनं सांगितलं, की ही इथली जुनी पद्धत. अकरांत उतरलेला खेळाडू सामना संपला की स्वतःच्या हातानं रेघ मारतो. बदली म्हणून उतरला तर रेघ नाही. उन्हाळ्यात दाराला रंग लागतो, की पुन्हा कोरी पाटी.

ग्लेनच्या नावापुढं पाच जुड्या होत्या. पाचही पुऱ्या बांधलेल्या.

पंचवीस. तक्त्यात चोवीस. देवयानीला आधी वाटलं, दार चुकलंय. घामाघूम माणसानं घाईत मारलेली रेघ, एखादी जास्त पडली असेल. पण ताळा जमत नसताना तिला जेवण जात नाही. वर येऊन तिनं सगळे सामने एकेक करून काढले. दुपारी तिला तो सापडला, नोव्हेंबरमधला. सत्तराव्या मिनिटाला असं धुकं उतरलं की रेफरीला गोलपोस्ट दिसेना, आणि त्यानं सामना सोडून दिला. फेब्रुवारीत तो पहिल्यापासून परत खेळवला. पहिला सामना लीगनं नोंदींतून पुसून टाकला होता, आणि देवयानीनं आपला तक्ता लीगच्या नोंदींवरून बनवला होता.

मग तिनं तो करार काढला, जो तिनं आजवर उघडलाच नव्हता. कलमात लिहिलं होतं, क्लबाच्या पहिल्या संघाच्या सुरुवातीच्या अकरांत मैदानात उतरल्यास. सामना पुरा व्हावा, असं कुठंही नव्हतं. लीगच्या नोंदीत असावा, असंही नव्हतं. धुक्यात का होईना, माणूस उतरला होता. म्हणजे ग्लेनचं वर्ष मार्चमध्येच पक्कं झालं होतं, आणि त्यानंतरचे सात आठवडे त्याला बाहेर ठेवून कुणाचाच काही फायदा नव्हता.

आधी व्हाउचर बघा, मग लेजर, हे पुण्यातल्या तिच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी घोकून घेतलं होतं. ती मूळ कागद सोडून तयार रजिस्टरवर विसंबली होती. चूक तिची, आणि बाकावर बसला दुसराच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की संध्याकाळच्या ट्रेनमध्ये ती घरी उतरायचं विसरून वॉटफर्डच्या पुढं निघून गेली.

गुरुवारी सकाळी ती ॲलनसमोर कागद घेऊन उभी राहिली. त्यानं कलम दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग अगदी गोड आवाजात म्हणाला, की सोमवारपर्यंत थांबूया. ग्लेननं स्वतःहून सोमवारी भेटायची वेळ मागितली आहे. तो काय म्हणतो ते ऐकू, मग हा कागद बाहेर काढायचा की नाही ते ठरवू. चार दिवसांनी कुणाचं काय बिघडतंय?

कुठंतरी पाणी मुरत होतं. देवयानी जागेवर आली, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. सोमवारच का? ग्लेनला ॲलनशी काय बोलायचंय, आणि ते आधी ऐकण्यात ॲलनचा काय फायदा? मॅनेजर नेहमीप्रमाणे आला, ग्लेनचा आकडा किती म्हणाला. तिच्या तोंडून चोवीस निघेना. ॲलनला विचारा, एवढंच ती म्हणाली, आणि जिना उतरून खाली गेली.

सराव संपला होता. ग्लेन बुटांच्या खोलीत एकटाच बाकावर बसून बुटांचा चिखल काडीनं काढत होता. देवयानीनं दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. कलम, धुकं, लीगची नोंद, आपला तक्ता, आपली चूक. तुझं वर्ष पक्कं आहे, आणि ते मार्चपासून पक्कं आहे, असं सांगून ती थांबली. तिला वाटलं होतं, आता हा उडी मारेल नाहीतर चिडेल.

ग्लेननं दुसरा बूट हातात घेतला. “वर्षाचं मला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “धुक्याची रेघ मीच मारली. माझा एजंट मार्चमध्येच म्हणाला होता, झालं तुझं काम.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“काय बोलायचं? मला वाटलं सगळ्यांनाच ठाऊक आहे. वर्ष द्यायचंच आहे, तरी मॅनेजर मला खेळवत नाही. मग कारण एकच उरतं ना. पाय गेले.”

त्यानं जाकिटातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. आत तीनच ओळी होत्या. मी खेळणं थांबवतो आहे. पुढच्या वर्षावरचा हक्क सोडतो आहे. जो खेळू शकत नाही, त्यानं दुसऱ्याची जागा अडवू नये. खाली सही, आणि सोमवारची तारीख.

ॲलनचा सोमवार हा असा होता तर. चार दिवस गप्प बसलं असतं, तर या माणसानं आपल्या हातानं आपलं वर्ष देऊन टाकलं असतं, तेही एका खोट्या आकड्यापायी, आणि वर सगळ्यांनी त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला असता. तिला ॲलनचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“तुझ्या पायांचं मला काही कळत नाही,” ती म्हणाली. “पण तुला बाहेर बसवलं ते माझ्या तक्त्यानं, पायांनी नाही. एवढं मी लिहून देते.”

आणि तिनं खरंच लिहून दिलं. वर जाऊन खान्यात पंचवीस घातलं, खाली कारण लिहिलं, नोव्हेंबरच्या त्या सामन्याची टीमशीट, म्हणजे अकरांची यादी, जोडली, आणि ॲलन, मॅनेजर आणि चेअरमन, तिघांना एकदम पाठवून दिलं. पाचच मिनिटांत ॲलनच्या खोलीचं दार जोरात आपटल्याचा आवाज आला. शुक्रवारी संघाची यादी लागली, तीत ग्लेनचं नाव पहिलं होतं. त्याला बाहेर ठेवायला आता कुणाकडं कारणच उरलं नव्हतं.

शनिवारी देवयानी आयुष्यातला पहिला सामना बघायला कुशशेजारी बसली. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यानं तीनदा समजावलं, तिनं चौथ्यांदा विचारलं. ग्लेननं दोन गोल डोक्यानं अडवले, पोरांना ओरडून ओरडून जागेवर उभं केलं. पण उत्तरार्धात समोरचा एक चपळ पोरगा बॉल घेऊन त्याच्या अंगावरून निघाला, आणि ग्लेन मागं पळत राहिला, पळत राहिला, आणि पोचला नाही. गोल झाला. सामना एक-एक सुटला.

तिनं कुशकडं बघितलं. कुशनं मान खाली घातली. “ताई, पाय खरंच गेलेत,” तो हळूच म्हणाला.

सामन्यानंतर ती खाली गेली. ग्लेन चिखलातच दारापाशी उभा होता. पाच जुड्यांच्या पुढं त्यानं एक उभी रेघ मारली, मार्करचं टोपण लावलं आणि विचारलं, कसे होते पाय?

देवयानीला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलवेना. तक्त्यात पायांचा रकाना नाही, असं ती म्हणाली.

ग्लेन हसला. “गेलेच आहेत,” तो म्हणाला. “पण आता ते मला मैदानात कळलं. बाकावर बसून कळणं वेगळं होतं.”

मग त्यानं ते पाकीट काढलं, दोन तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. वर्ष माझं आहे, आता ते कसं घालवायचं ते मी ठरवीन, म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला. देवयानी वर गेली. स्ट्रायकर दुसऱ्या क्लबाला गेल्याची ईमेल येऊन पडली होती, ॲलननं त्याखाली एक शब्दही लिहिला नव्हता. तिनं तक्ता उघडला, ग्लेनच्या खान्यात सव्वीस घातलं आणि दिवा बंद करून स्टेशनकडं निघाली.