सावली किती वाजताची?

मित्रांनो, जरा वर बघा. एवढं वर नको, मान अवघडेल! चौकाच्या पश्चिमेला लोखंडी मांडव आहे ना, त्याच्यावर उन्हाने पिवळा पडलेला, ठिगळाठिगळांचा, एका अंगाला कललेला तोल्दो दिसतोय? तोच मी. तोल्दो म्हणजे कापडी छत. दक्षिण स्पेनमधल्या आमच्या शहरात उन्हाळा लागला की या घराच्या गच्चीपासून त्या घराच्या गच्चीपर्यंत आम्हाला ताणून बांधतात आणि माणसं आमच्या सावलीतून कामाला जातात. माझी चाळिशी उलटली आहे. कापडाच्या मानाने मी म्हातारा झालो, पण फाटून पडायचा माझा अजून अजिबात विचार नाही. का, ते ऐका.

मला एन्कार्नाने शिवलं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तोल्दो शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. जाड सुती कापड, साईच्या रंगाचं. सुई मोडली की ती मलाच दटावायची. "सरळ राहा की मेल्या! वाऱ्याने ओढलं तर उसवशील, मग नाव माझं जाईल." माझी प्रत्येक कड तिने दोनदा दुमडली आणि तीनदा टाके घातले. त्या वेळी मला तिचा राग यायचा. आता वाटतं, त्या तिसऱ्या टाक्यावरच मी जगलो.

अठरा उन्हाळे मी शहरातल्या मोठ्या बाजारपेठेत होतो. काय थाट होता माझा! मे महिना संपता संपता चढवायचे, सप्टेंबरात उतरवायचे. परदेशी पाहुणे माना वर करून माझे फोटो काढायचे. आम्हाला टांगणाऱ्यांचा म्होरक्या मात्र कधी कौतुक करायचा नाही. तो संध्याकाळी सात वाजता रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि खाली बघायचा. सावली दुकानाच्या पायरीवर पडली नसेल तर म्हणायचा, "पुन्हा चढा. पश्चिमेची दोरी सोडा, अजून झुकवा त्याला." सरळ ताणलेला तोल्दो म्हणे फक्त फोटोत शोभतो. आणि सूर्य बुडाला की आम्हाला दोरीने गोळा करायचे, म्हणजे दिवसभर तापलेल्या फरशीची धग वर निघून जायची.

मग नव्या, पांढऱ्याशुभ्र, धुता येणाऱ्या कापडाचे दिवस आले. मला घडी करून गोदामात टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. कारखाना बंद पडला त्या दिवशी एन्कार्ना मला पाठीवर टाकून घरी घेऊन गेली. तिचा नवरा फेर्मिन बसचा ड्रायव्हर. दारातच तो म्हणाला, "बाई गं, लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन येतात. तू छप्पर घेऊन आलीस!" पुढची कित्येक वर्षं मी त्यांच्या गच्चीवर कपडे धुण्याच्या मशीनवर पांघरलेला होतो. कुणी विचारलं नाही, कुणी झटकलंसुद्धा नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आता या चौकाचं ऐका. ला नोरिया नावाच्या आमच्या वस्तीतला हा एकच चौक. इथे पूर्वी चार मोठी झाडं होती. खाली गाड्या ठेवायला तळघर करायचं म्हणून ती तोडली आणि वर गुळगुळीत दगडी फरशी घातली. दिसायला देखणी, पण जुलैमध्ये नुसता तवा! आमच्या वस्तीत संध्याकाळी आपापली खुर्ची घेऊन खाली उतरायची रीत आहे. गप्पा मारायच्या, सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या, गास्पाचोचा, म्हणजे टोमॅटोच्या गार साराचा, एक एक पेला घ्यायचा. फरशी झाली आणि खुर्च्या खाली यायच्या बंद झाल्या. वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं आपापल्या भट्टीत कोंडून राहिली.

फेर्मिन हट्टी. तो उतरायचाच. एका जुलैत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, तुम्ही बसलाय ना, याच बाकावर तो बसल्या बसल्या कलंडला. समोरच्या औषधाच्या दुकानावरचा, वेळ आणि तापमान सांगणारा दिव्यांचा हिरवा क्रॉस बेचाळीस अंश दाखवत होता. अँब्युलन्स आली, सलाइन लागलं, आणि तो वाचला. सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "यांचं हृदय आता असं दुसऱ्यांदा सोसणार नाही. वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या घरात संध्याकाळी ठेवू नका आणि उन्हातही बसवू नका. सावलीत बसवा."

"सावली?" एन्कार्ना म्हणाली. "ती कुठल्या दुकानात मिळते, डॉक्टर?"

घरी येऊन ती तडक गच्चीवर गेली, मशीनवरून मला ओढलं आणि इतक्या जोरात झटकलं की दहा वर्षांची धूळ शेजारच्या पाकाच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसली.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" पाका ओरडली.

"फिरलंय. सुई-दोरा घेऊन ये."

सहा बायका उन्हाळा सरेपर्यंत मला शिवत होत्या. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यात फेर्मिनच्या निळ्या युनिफॉर्मचं ठिगळ लागलं. कुणाचा पडदा, कुणाचा टेबलक्लॉथ. पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला चौकाच्या पश्चिमेकडच्या दोन बाल्कन्यांतून खाली झुकवून बांधलं. रस्त्याने जाणारे हसायचे. "काकू, छप्पर वाकडं झालंय!" एन्कार्ना म्हणायची, "सूर्यपण वाकडाच येतो, बाबा." आणि बरोबर सात वाजता बाक पूर्ण सावलीत असायचा. फेर्मिन खाली येऊ लागला. त्याच्यामागून दुसरी खुर्ची आली, मग तिसरी, मग मोजायच्या राहिल्या.

जुलै लागला आणि पालिकेचं पत्र आलं. विनापरवाना छत दहा दिवसांत उतरवावं. चौकात नवा, कायमचा लोखंडी मांडव बांधण्यात येत आहे. दुसऱ्या दिवशी कामगारांनी बाकाच्या चारी बाजूंना फरशीवर लाल फुल्या मारल्या आणि खड्डे खणायला घेतले. सोबत एक तरुण इंजिनीअर बाई होती, नेरेआ नावाची, उत्तरेकडच्या पावसाळी किनाऱ्यावरची. तिने मोठ्या कौतुकाने नकाशा उलगडला. "बघा सेन्योरा, बारा वाजता सावली अगदी बाकावर!"

एन्कार्नाने चष्मा लावला, नकाशा बघितला, चष्मा काढला. "बारा वाजता इथे कोण बसतं, पोरी? बारा वाजता आम्ही घरात कांदा चिरत असतो."

"पण ऊन तर बारालाच कडक..."

"घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून तिकडे पूर्वेला रेंगाळत असतो. अडीचला डोक्यावर येतो. आणि आमचा जीव काढतो तो सहा-सातला."

"सातला?" नेरेआ हसली. "आमच्याकडे सातला स्वेटर घालतात."

"तुमच्याकडे घाला. मांडव इथे होतोय."

नेरेआ वाईट मुलगी नव्हती. पण नकाशा ऑफिसात मंजूर झाला होता आणि पायाचे खड्डे सोमवारी काँक्रीटने भरायचे होते. ती तसं म्हणाली तेव्हा एन्कार्नाने कंबरेवर हात ठेवले. "आज शुक्रवार आहे. संध्याकाळी सातला ये. तोवर हा तोल्दो तुझ्या नकाशाप्रमाणे टांगते. सावली बाकावर पडली तर मी स्वतः तो उतरवीन, घडी घालून तुझ्या हातात देईन."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लाजिरवाणा दिवस. पाकाचा जावई गवंडी आहे. त्याने चार फुल्यांवर चार लोखंडी पाइप उभे केले आणि मला त्यांच्यावर सरळ, चापूनचोपून ताणलं. झुकू दिलं नाही, हलू दिलं नाही. सातला नेरेआ आली. एन्कार्नाने बाकाकडे बोट दाखवलं. "बस. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी बसायचं."

फेर्मिनही तिच्याशेजारी बसायला निघाला. एन्कार्ना कडाडली, "तू जिन्यात थांब! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!" तो थांबला. सांगितल्यावर थांबलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मी जीव तोडून पसरलो. पण सूर्य माझ्या पोटाखालून आत शिरला आणि थेट नेरेआच्या तोंडावर आला. माझी सावली पलीकडे आठ पावलांवर, बंद पडलेल्या बँकेच्या शटरवर पडली होती. बँकेला गार वाटलं असेल! हिरव्या क्रॉसवर त्रेचाळीस. दोन मिनिटांनी नेरेआने बाकावरचा हात चटकन उचलला. पाच मिनिटांनी तिचे कान लाल झाले. दहा मिनिटांनी ती उठली, जिन्यात उभ्या असलेल्या फेर्मिनकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही पडलात तो हाच बाक?"

"हाच," फेर्मिन म्हणाला. "आणि हीच वेळ. बस चालवायचो तेव्हासुद्धा मी कधी लेट नसायचो."

नेरेआने एन्कार्नाकडून शिंप्याचा खडू मागून घेतला. दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि माझ्या सावलीची कड फरशीवर आखली. आठ वाजता पुन्हा आखली. शनिवारी पाचपासून आखली, रविवारी मला पुन्हा तिरका बांधून आखली. खांब पश्चिमेला सरकवायचे, छत झुकवायचं, वरची गरम हवा जायला फट ठेवायची, सूर्य बुडाल्यावर छताच्या पट्ट्या उघडायच्या. फरशीभर पांढऱ्या रेघा झाल्या. नेरेआ म्हणाली, "सोमवारी सकाळी साहेबांची सही घेऊन येते."

सोमवारी सकाळी आठला नेरेआ नाही, काँक्रीटची गाडी आली. मुकादमाच्या हातात जुनाच नकाशा. माझ्या सगळ्या शिवणी ताठ झाल्या. तेवढ्यात जिन्यातून खुर्च्या वाजल्या. एन्कार्ना, पाका आणि बाकीच्या चौघी खड्ड्यांभोवती खुर्च्या मांडून बसल्या आणि मटार सोलू लागल्या. एका खड्ड्यापाशी सकाळच्या सावलीत फेर्मिन होता, डोक्यावर ड्रायव्हरची जुनी टोपी घालून.

"आजोबा, इथे बसता येणार नाही," मुकादम म्हणाला.

"असं कसं? मला डॉक्टरांनी बसायलाच सांगितलंय."

"मावशी, तुम्ही तरी समजवा..."

"मी तासभर समजावते तुला. हे घे, मटार सोलता सोलता ऐक," एन्कार्ना म्हणाली.

नऊ वाजले, दहा वाजले. गाडीच्या पोटात काँक्रीट घरघरत राहिलं. अकराला मुकादम घाम पुसत म्हणाला, "एक वाजेपर्यंत थांबतो. मग मला पोलिसांना बोलवावं लागेल." कुणीच उठलं नाही. बारा वाजता ऊन फेर्मिनच्या बुटांपर्यंत आलं. एन्कार्नाने ते बघितलं. ती उठली, खुर्ची उचलून त्याच्या आणि उन्हाच्या मध्ये ठेवली आणि त्याला पाठमोरी होऊन बसली. त्या एका तासात मित्रांनो, सावली देण्याचं काम तिने माझ्यापेक्षा चांगलं केलं.

एक वाजता नेरेआ धावत आली. हातात नवा नकाशा आणि त्यावर सही. दुसऱ्या हाताला खडू अजून लागलेलाच होता.

त्याला आता चार वर्षं झाली. मांडव उभा आहे, वाकडा, अगदी माझ्यासारखा. त्याच्या पश्चिमेला तीन रोपं लावली आहेत. ती मोठी झाली की संध्याकाळचं ऊन तीच अडवतील. पण अजून ती जेमतेम फेर्मिनच्या खांद्याला लागतात. तोवर मांडवाची पश्चिमेची बाजू झाकायला मी आहे. दर मे महिन्यात एन्कार्ना मला तपासते, नवा टाका घालते आणि म्हणते, "अजून थोडी वर्षं, मेल्या. झाडं मोठी होईपर्यंत." मी टिकणार. वारा किती ओढेल ते ओढू दे.

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. त्या रोपांना सायकली टेकवू नका. घरी उरलेलं पाणी बादलीभर का होईना, त्यांच्या बुंध्याशी आणून ओता. जुनं कापड फेकण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि उद्या मोठी माणसं तुमच्या शाळेच्या मैदानात, तुमच्या बसस्टॉपवर सावली करायला नकाशे घेऊन आली, तर घाबरू नका. पुढे व्हा आणि विचारा, "किती वाजताची?"

बास, आता बोलणं पुरे. हिरव्या क्रॉसवर सात वाजलेत आणि तो एकेचाळीस अंश दाखवतोय. जिन्यात खुर्ची वाजली, फेर्मिन उतरतोय. बाकावरून जरा सरका बघू, ती त्याची जागा आहे.