ओटीवरचं बंदर

अणुवीज प्रकल्पावरचा डच साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या कचेरीतला कारकून कृष्णकांत त्याच्याकडून एक चित्र मागून घेऊन आला आणि तारापूरच्या घरी ओटीवर टांगून बसला. सदुसष्ट सालची गोष्ट. शेजाऱ्याकडे साधी शिडी मागायलाही लाजणारा आपला नवरा साहेबाकडे चित्र मागतो, तिथेच आनंदीच्या मनात पाल चुकचुकली.

चित्रात परमुलखातलं बंदर होतं. निम्म्याहून जास्त नुसतं आभाळ, भिजल्या राखेच्या रंगाचं. खाली काळसर पाणी, डोलकाठ्यांची दाटी, एकमेकींना खेटून उभी विटांची उंच घरं. धक्क्यावर एक बाई पाठमोरी उभी. कामावरून आला की कृष्णकांत चहा निवेपर्यंत त्या चित्राकडे बघत बसे. आनंदीची चाहूल लागली की पेपर उघडी.

"कोण हो ती?" एकदा तिने विचारलंच.

"चित्रातल्या बाईला नाव असतं का?" तो हसला, पण जरा जास्तच.

नवापूरची मैनाबाई कोळीण बोंबील घेऊन आली, तेव्हा आनंदीने तिलाच ओटीवर बोलावलं. टोपली उतरवून मैनाबाई बराच वेळ बघत राहिली.

"वारा पडलाय, बाय. शिडं लोंबतायत. सगल्या होड्या आल्या, तरी ही उभी हाय. हिचा कोन तरी आला नाय."

आनंदी चरकली. या घरातलं न आलेलं माणूस एकच: कृष्णकांतचा थोरला भाऊ तात्या, बोटीवर खलाशी. त्याची पत्रं कृष्णकांत खिशातून काढून आईला, म्हणजे माईंना, वाचून दाखवी. पाकीट मात्र अलीकडे आनंदीने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिने सरळच म्हटलं, "तात्यांच्या पत्राचं पाकीट दाखवा."

कृष्णकांतचा चेहरा उतरला. "पाकीट नाही. पत्रं मीच लिहितो. दोन वर्षं झाली. साहेबाच्या देशात, रॉटरडॅमच्या बंदरात तात्या पाण्यात पडला, सापडला नाही. हे चित्र जुन्या काळचं, पण गाव तेच. कसं आहे ते बघायचं होतं गं."

"माईंना आजच सांगायचं," आनंदी म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

त्यानेच सांगितलं. माई रडल्या नाहीत. भिंतीला धरून त्या ओटीवर आल्या, चित्रातल्या पाण्यावर बोट टेकवलं.

"इथे खोल असेल का रे?"

"ठाऊक नाही, माई."

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सकाळी माईंनीच भटजींना बोलावणं धाडलं.