अकरा सह्या

मुलांनी सरांचं नाव ‘गाळणी’ ठेवलं होतं आणि गंमत अशी, की सरांना ते ठाऊक होतं. ठाऊकच काय, मनातून आवडतही होतं! कॉलेजात कॅल्क्युलसचे तीन अभ्यासक्रम एकापाठोपाठ एक येत. त्यातला मधला, सगळ्यांत बदनाम, तो आमच्या या सरांचा. दर वर्षी पहिल्याच तासाला ते हात झटकून सांगत, “पहिला काय, कोणीही पास होतो. खरं पाणी इथे जोखलं जातं. ज्यांना झेपणार नाही, त्यांनी वेळेवर तीन नंबरची खिडकी गाठावी.”

तीन नंबरची खिडकी कार्यालयात होती. तिथे विषय सोडण्याचे अर्ज घेतले जात. अर्जावर शिकवणाऱ्याची सही लागे आणि मग खिडकीतल्या बाई शिक्का मारत. तो एकदा पडला, की पूल बांधायचं किंवा यंत्रं घडवायचं शिक्षण त्या मुलापुरतं संपलं. कारण कॅल्क्युलसचे तिन्ही टप्पे ओलांडल्याशिवाय त्या शाखेत पुढे सरकताच येत नसे.

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. वीस मार्कांची पहिली चाचणी झाली होती आणि अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस होता. खिडकी चार वाजता बंद होणार होती. अडीचच्या सुमाराला शिपायाने अकरा अर्जांचा गठ्ठा सरांच्या टेबलावर आणून ठेवला. सर फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी अकरा सह्या ठोकल्या आणि गठ्ठा परत केला. सही करताना नाव वाचायची त्यांना सवय नव्हती. जाणाऱ्याचं नाव वाचून करायचं काय?

तीन वाजून दहा मिनिटांनी खिडकीतल्या बाई स्वतःच शिक्षकांच्या खोलीत आल्या. कधी जागा न सोडणाऱ्या बाई आलेल्या पाहून सरांना नवल वाटलं.

“सर, रागावणार नसाल तर एक विचारू?”

“विचारा की.”

“या अकरांपैकी एक तरी अर्ज वाचलात?”

सर हसले. “बाई, सोळा वर्षं हेच करतोय. उसनं अवसान आणलेली पोरं किती दिवस टिकणार? आज नाही तर उद्या जाणारच.”

बाईंनी सोबत आणलेल्या गठ्ठ्यातला सातवा अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. सख्ख्या बहिणीची मुलगी! खाली त्यांचीच ऐटबाज सही होती.

भाची त्यांच्याच वर्गात होती. कॉलेजात मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, अशी त्यांनी तिला पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. पूल बांधायचं हे वेड तिला लहानपणापासूनचं. ‘तुझ्या भरवशावर पाठवते आहे रे,’ असं सांगून बहिणीने तिला वसतिगृहात ठेवलं होतं.

“शिक्का मारलात?” सरांचा आवाज चिरकला.

“अजून नाही. चार वाजता सगळ्यांवर एकदमच मारते मी.”

सरांना आधी राग आला तो भाचीचाच. “मला एका शब्दाने विचारायचं नाही? घरचा माणूस इथे बसलाय आणि ही परस्पर अर्ज देते!”

“काय विचारणार ती?” बाई शांतपणे म्हणाल्या. “झेपत नसेल तर खिडकी गाठा, असं तुम्हीच सांगता. गाठली तिने. तुम्ही तिचे मामा, हेही मी खोदून विचारलं तेव्हा कळलं.”

“अहो, पण विषय अवघडच आहे. खोटं कशाला बोलू?”

“अवघड आहे हे जरूर सांगा. पण अवघड आहे म्हणणं वेगळं आणि तुला जमणार नाही म्हणणं वेगळं. अकरा वर्षं त्या खिडकीत बसलेय मी. येतो त्याला विचारते, का रे बाबा सोडतोस? पहिल्यात उत्तम मार्क मिळवलेली मुलं येतात, सर. एका चाचणीत आपटतात आणि तोंड लपवत येतात. त्यांना वाटतं, इतरांना सगळं येतं, आपणच तेवढे ढ. तिसऱ्यात गेलेली मुलं म्हणतात, दुसरा पोरखेळ होता. दुसऱ्यातली म्हणतात, पहिला पोरखेळ होता. पुढे गेलेला प्रत्येक जण मागे वळून सोपं होतं म्हणतो, मग मागे धापा टाकणाऱ्याने स्वतःला काय समजायचं?” बाई पुढे झुकल्या. “तुम्हाला हो किती पडले होते, दुसऱ्याच्या पहिल्या चाचणीत?”

 घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सर उठले आणि तडक खोलीबाहेर पडले.

भाची वाचनालयात नव्हती. कँटीनमध्ये नव्हती. वसतिगृहाच्या दारावरच्या बाईंनी सकाळपासून ती फिरकली नसल्याचं सांगितलं.  बहिणीला काय सांगायचं? तुझ्या मुलीचा रस्ता मी बंद केला, आणि तोही फोनवर गप्पा मारता मारता? शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात ती सापडली. शेवटच्या बाकावर बसून ती कॅल्क्युलसच्या पुस्तकावरचं आपलं नाव खोडत होती. पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं होतं.

“हा काय मूर्खपणा आहे?” सर दारातूनच ओरडले.

ती उभी राहिली. “सर, तुमची सही झाली ना?”

“सर काय सर! मामा आहे मी तुझा.”

“मग मामा, खरं सांगा. पहिल्यात मला पैकीच्या पैकी होते. मी घरी पुरीसारखी फुगून बसले होते. तुम्ही वर्गात म्हणालात, पहिला कोणीही पास होतो. म्हणजे माझी हुशारी गेली तिथेच. आता चाचणीत वीसपैकी चार पडले. आणि वसतिगृहातल्या पुढच्या वर्गाच्या मुली म्हणतात, यालाच रडतेस, मग तिसऱ्यात काय करशील? तीन पायऱ्यांतली एक फुकटची, एक मला न जमणारी, एक त्याहून मोठी. मी पूल कसले बांधणार?” 

सरांना एकदम लाज वाटली. वर्गात टाळ्या मिळवणारं वाक्य नेमकं कुणाच्या वर्मी लागतं, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

“तीन,” ते म्हणाले.

“काय तीन?”

“मला तीन होते. वीसपैकी. तुझ्यापेक्षा एक कमीच.”

“उगाच माझी समजूत काढू नका, मामा. आई तर सांगते, तुम्ही कायम पहिले यायचात.”

“तुझ्या आईला मी सांगितलंच नाही. कुणालाच सांगितलं नाही. कागद फाडून टाकला होता. आण ते पुस्तक. कुठलंही गणित काढ, मला न विचारता फळ्यावर लिही.”

तिने मुद्दाम मागच्या पानावरचं इंटिग्रेशनचं एक लांबलचक गणित काढलं. सर खडू घेऊन उभे राहिले. पहिल्या रीतीने चार ओळी गेले आणि अडकले. पुसलं. दुसरी रीत लावली, तर गणित सुटायच्या ऐवजी आणखी सुजलं. तेही पुसलं. घड्याळ पुढे सरकत होतं आणि सरांच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा मांडताना मागून आवाज आला, “मामा, वजा राहिलं तिथे.”

खरंच राहिलं होतं! त्यांनी ते घातलं आणि पाच ओळींत उत्तर आलं.

“पाहिलंस?” सर म्हणाले. “पहिल्यात नियम ठरलेले असतात. नियम लावला की उत्तर मिळतं. तू ते उत्तम केलंस, ती तुझीच हुशारी होती. इथे कुठला नियम लावायचा हे कुणी सांगत नाही. दोन वाटा चुकल्याशिवाय तिसरी दिसत नाही. मी मात्र घरून चुका करून यायचो आणि वर्गात तेवढी शेवटची वाट दाखवायचो. तुम्हा मुलांना वाटायचं, शहाण्या माणसाला पहिल्याच फटक्यात सुचतं. माझी चूक झाली, बाळा.”

ती फळ्याकडे बघत राहिली. मग तिने घड्याळ पाहिलं. चारला सात मिनिटं कमी होती. पुस्तक तसंच बाकावर टाकून ती जिन्याकडे पळाली.

सर खिडकीशी पोचले, तेव्हा ती आपला अर्ज परत घेऊन फाडत होती. सरांनी सुटकेचा श्वास सोडला. बहिणीपुढे मान वर करून जाता येणार होतं. “फार उपकार झाले, बाई,” ते म्हणाले.

“उपकार कसले? एक कमी झाला, राहिले दहा.” बाईंनी शाईचा पॅड उघडून शिक्का उचलला. “मारू?”

सरांची नजर उरलेल्या दहा अर्जांवर गेली.

“यांचे मामा इथे नोकरीला नाहीत, सर. एवढाच काय तो फरक.”

“थांबा!” सर इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या खिडकीतल्या लिपिकाने मान वर केली. “द्या इकडे सगळे.”

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या एकेक अर्ज वाचायला घेतला. एका मुलीला पहिल्यात भाचीइतकेच मार्क होते. एका मुलाने कारणाच्या रकान्यात ‘माझी पात्रता नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. तीन नावांचे तर चेहरेच त्यांना आठवेनात. सरांनी दहाही सह्या खोडल्या आणि प्रत्येकीखाली लिहिलं : ‘आधी मला भेटावे.’

“हे नियमात बसतं का?” बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

“सही माझी आहे. मागेही मीच घेणार. उद्या प्राचार्यांपुढे उभं राहावं लागलं तर राहीन.”

आणि राहावं लागलंच. प्राचार्यांनी चांगलं फैलावर घेतलं, पण शेवटी आठवड्याची मुदतही वाढवून दिली. दहांपैकी आठ जण सरांना भेटायला आले. सहा जण वर्गात परतले. दोघांनी नीट विचार करून दुसरी शाखा घेतली आणि सरांनी त्यांच्या अर्जावर, नाव वाचून, आनंदाने सही केली. भेटायला न आलेल्या दोघांची हुरहूर मात्र त्यांच्या मनातून गेली नाही.

पुढच्या तासाला त्यांनी आपले तीन मार्क भर वर्गात सांगितले. आधी कुणाचा विश्वास बसेना, मग हशा पिकला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “सर, मग तिसरा तरी सोपा आहे का?”

“मुळीच नाही,” सर म्हणाले. “पण तिथे पोचाल तेव्हा तुम्हीही आजचे राहिलेले नसाल.”

वाचकहो, आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या वर्गाचे, कार्यालयाचे, घराचे ‘सर’ असतो. जे आपण धडपडत, ठेचा खात शिकलो, त्याला पुढे गेल्यावर सोपं म्हणायचा मोह आपल्याला होतो आणि त्या एका शब्दाने मागून येणाऱ्याचा धीर खचतो. अवघडाला अवघड जरूर म्हणावं, पण त्यासोबत आपण कुठे पडलो होतो तेही सांगावं. आणि ज्या कागदाने कुणाचं आयुष्य वळणार आहे, त्यावर सही करण्याआधी निदान त्याचं नाव तरी वाचावं!