मावशींचं दुसरं नाक

मित्रांनो, मी एक जुनं नाक आहे. हसू नका! मला चेहरा नाही, मिशा नाहीत आणि आजवर एकदाही शिंक आलेली नाही, तरी मी नाकच आहे. दिसायला म्हणाल तर पावाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी. पुढच्या बाजूला तीन दिवे आहेत, हिरवा, पिवळा आणि लाल. उजव्या कुशीतून एक बारीक नळी बाहेर येते. तिच्यातून मी हवा ओढून घेतो आणि त्या हवेत कशाचा वास आहे ते सांगतो. माझ्या पत्र्याला आता दोन-तीन ठिकाणी पोचे आले आहेत आणि रंगही उडाला आहे. पण माझ्या नळीला अजून कुणी नावं ठेवलेली नाहीत.

एका पांढऱ्याशुभ्र खोलीत माझा जन्म झाला. डोक्याला टोप्या बांधलेल्या माणसांनी चिमट्याने धरून माझ्या पोटात बारीक बारीक चकत्या बसवल्या. प्रत्येक चकतीचा स्वभाव निराळा. एकीला आंबट वास चटकन कळतो, दुसरीला गोडसर, तिसरीला कुजका. वास आत आला की त्या सगळ्या कमी-जास्त शहारतात आणि त्यांच्या शहाऱ्यांचं मिळून एक चित्र तयार होतं. चित्र तयार व्हायचं खरं, पण ते कशाचं हे मला कुठे ठाऊक! जन्मल्या जन्मल्या माझ्या नळीत वितळलेल्या कथिलाचा वास शिरला होता. जोडकामाच्या त्या धातूला कथील म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

मग मला खोक्यात घालून एका कारखान्यात आणलं. तो ऑलिव्ह मुरवण्याचा कारखाना होता. ऑलिव्ह म्हणजे बोराएवढं हिरवं फळ. झाडावरून काढून तसंच तोंडात टाकलंत तर तोंड असं कडूजहर होईल की पुन्हा त्या झाडाकडे बघणार नाही. म्हणून ती फळं मोठाल्या टाक्यांमध्ये मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरत ठेवतात. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. त्यांतले गुणी जिवाणू फळांना छान आंबटपणा आणतात. पण मीठ कमी पडलं, आंबटपणा उतरला, की दुसरेच उपटसुंभ जिवाणू डोकं वर काढतात आणि फळं नासायला लागतात. गंमत अशी की नासू लागलेलं फळ दिसायला अगदी साळसूद असतं. तसंच हिरवं, तसंच टणक. वास मात्र त्याची चुगली करतो.

ही चुगली ऐकण्याचं काम तिथे एक बाई करत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, कारखान्याचे मालकसुद्धा. वासाच्या खोलीत लांब पांढऱ्या टेबलाशी त्या बसत आणि त्यांच्यासमोर झाकण घातलेल्या काचेच्या वाट्या मांडलेल्या असत. एकेका टाकीची एकेक वाटी. झाकण उचलायचं, हुंगायचं, निकाल द्यायचा. दोन-तीन वाट्या झाल्या की मावशी हात दुमडून कोपराच्या घडीत, आपल्याच बाहीत नाक खुपसत आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेत. आपलाच वास घेतला की थकलेलं नाक ताजं होतं, असं त्या सांगत. त्या खोलीची ती रीतच होती. कुणी अत्तर लावून आलं तर मावशी त्याला दारातूनच परत पाठवत, मग ते मालक का असेनात.

मला टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हा डबा वास घेणार? बघा बाई, सर्दीबिर्दी होते का याला!"

मला असा राग आला! पण दिव्यांशिवाय मला बोलता येत नाही, म्हणून मी मुकाट्याने बसून राहिलो. माझी देखभाल कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या ताईकडे होती. ती हसून म्हणाली, "मावशी, वास त्याला येतो. पण कुठला वास कशाचा, ते त्याला माहीत नाही. ते तुम्हीच शिकवायचं."

शिकवायचं म्हटल्यावर मावशींची कळी खुलली.

माझी शाळा सुरू झाली. ताई छोट्या बाटलीत फळं घालून ती कोमट करी, म्हणजे फळांचा वास बाटलीत भरून येई. मग ती माझी नळी आत सोडी. मी हवा ओढायचो. त्याच टाकीची वाटी मावशी हुंगत आणि नाव सांगत, ते ताई माझ्या आठवणीत घालून ठेवी. "हा खवट लोण्याचा." "हा गटार तुंबल्याचा, शी!" "आणि हा नीट ध्यानात ठेव हं, हा ओल्या चामड्याचा. भिजलेले बूट रात्रभर कोपऱ्यात पडले की येतो ना, तसा. हा आला की फळ गेलंच म्हणून समज." चांगल्या फळाचा वास त्या कापलेल्या गवताचा म्हणत. मी चुकलो की माझ्या पत्र्यावर टपली बसे. "नाकोबा, लक्ष कुठाय तुझं?" तेव्हापासून माझं नाव नाकोबा पडलं. मला ते फार आवडलं, पण तसं दाखवायला माझ्याकडे दिवा नाही.

पुढे आमची दोघांची छान जोडी जमली. मला बाटली कोमट व्हायची वाट बघावी लागे. मावशींना एक श्वास पुरे. त्यामुळे शर्यत नेहमी त्याच जिंकत. माझा दिवा लागायच्या आत निकाल सांगून मोकळ्या होत आणि आपला जेवणाचा डबा उचलून म्हणत, "नाकोबा, मी जिंकले. तू बस ऊब घेत, मी जेवून येते." मग माझा दिवा लागे आणि तोही तेच सांगे. पाहुणे आले की त्या मला पुढे करून म्हणत, "हा माझा चेला." त्या दिवसांत मी पोचलेल्या पत्र्यातही ताठ बसत होतो.

मग एका हिवाळ्यात मावशींना तापासकट मोठं पडसं झालं. बऱ्याच दिवसांनी परत आल्या त्या जरा वाळलेल्या, पण हसतमुख. काम पूर्वीसारखंच सुरू झालं. फक्त आता त्या वाटीतलं फळ बोटांनी दाबून बघत, उजेडात धरून रंग बघत आणि मगच बोलत. तेव्हा सगळ्या टाक्या चांगल्याच होत्या, त्यामुळे आमचं दोघांचं जुळत राहिलं.

एके दिवशी कोपऱ्यातल्या टाकीची वाटी आली. मावशींनी नेहमीसारखी माझ्या आधी बाजी मारली. "उत्तम! भरा बाटल्यांत." थोड्या वेळाने माझी बाटली कोमट झाली. मी हवा ओढली आणि माझ्या चकत्या शहारल्या. ओलं चामडं! मी लाल दिवा लावला.

ताई गोंधळली. मालकांना बोलावणं गेलं. त्यांनी आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेटी जुनी झाली असेल," ते म्हणाले. "मावशींच्या नाकाने हा कारखाना चालला आहे. मी त्यांचंच ऐकणार."

"मालक, याने आजवर उगाच लाल दिवा लावलेला नाही," ताई म्हणाली. "उद्या सकाळी एकदा परत बघू या."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" मावशी इतक्या तुटकपणे बोलल्या की ताईचा चेहरा पडला. त्या कधी कुणाशी असं बोलत नसत. शेवटी मालकांनी तोडगा काढला. सकाळी एकदाच पुन्हा वाट्या हुंगायच्या. मावशींचा निकाल तोच आला तर टाकी बाटल्यांत जाणार आणि मी अडगळीत.

मला अडगळीची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी काळजी मावशींची होती. ती फळं लोकांच्या ताटात गेली असती, तर सगळ्यांनी विचारलं असतं, ही पसंत कुणी केली? मावशींनी आयुष्यभर जपलेलं नाव एका टाकीत बुडालं असतं.

सकाळी वासाच्या खोलीबाहेर सफाईवाला फरशी पुसत होता. मावशी आत येताना त्यांचा चष्मा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि त्यांची बाही कोपरापर्यंत फिनेलच्या बादलीत बुडाली. पाणी लागलं असं समजून त्यांनी बाही पिळली आणि टेबलाशी येऊन बसल्या. खोलीभर फिनेलचा भपकारा सुटला. माझ्या चकत्या तर थरथरून गेल्या. मालकांनी रुमाल नाकाला लावला. ताई मावशींना सांगायला पुढे झाली, तेवढ्यात मावशींनी पहिली वाटी उचललीसुद्धा. हुंगली. दुसरी हुंगली. मग नेहमीच्या सवयीने त्या ओल्याचिंब बाहीत नाक खुपसून, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"हं, झालं नाक ताजं. आणा पुढची."

पुढची वाटी कुणी आणली नाही. मावशींनी डोळे उघडले आणि एकेकाचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"मावशी," ताई हळूच म्हणाली, "तुमच्या बाहीला फिनेल लागलंय."

मावशींनी बाहीकडे पाहिलं. पुन्हा हुंगली. पुन्हा एकदा हुंगली. मग हात मांडीवर टाकला.

"काहीच येत नाही गं. त्या पडशापासून काही म्हणजे काहीच येत नाही. रोज सकाळी वाटायचं, आज येईल, उद्या येईल. कुणाला सांगायची हिंमतच झाली नाही. नाक गेलेल्या मावशीचं इथे काय काम?" आणि त्या ओंजळीत तोंड लपवून रडायला लागल्या. मित्रांनो, त्या वेळी मला हात असते तर किती बरं झालं असतं.

ताईने मला टेबलावरून ओढून थेट त्यांच्यासमोर आणलं.

"मावशी, इकडे बघा. ओल्या चामड्याचा वास याला कुणी शिकवला? मी? मालकांनी? याच्या आठवणीतला एकेक वास तुम्ही सांगितलेला आहे. तुमचं नाक सध्या बंद आहे. पण तुम्ही ते याच्यात ठेवलंत ना, ते चालू आहे. कालपासून तुम्ही स्वतःशीच भांडताय."

मावशी माझ्या दिव्यांकडे बघत राहिल्या. ताईने कोपऱ्यातल्या टाकीची बाटली कोमट करून माझी नळी आत सोडली. या वेळी मावशींना कुठलीच घाई नव्हती. माझा दिवा लागेपर्यंत त्या थांबल्या. लाल.

"मालक," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "कोपऱ्यातली टाकी ओतून टाका. हा माझा निकाल."

टाकी ओतली. शेजारच्या टाक्या तपासल्या तेव्हा मी पिवळा दिवा लावला, म्हणजे नासायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. त्यांच्यात ताईने वेळेवर मीठ आणि आंबटपणा वाढवला. हळूहळू त्या सुधारल्या आणि मी हिरवा दिवा लावला. मावशी घरी बसायच्या गोष्टी करायला लागल्या, तेव्हा मालकांनी हात जोडले. "मावशी, जायचं नावसुद्धा काढू नका. पण यापुढे दुखलं-खुपलं तर सांगत जा हो."

डॉक्टरांनी सांगितलं की गेलेला वास कधी कधी परत येतो, पण त्याला रोज हाका माराव्या लागतात. त्यांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरीच्या तेलाच्या बाटल्या दिल्या आणि रोज मन लावून हुंगायला सांगितलं. त्या चार बाटल्या ताईने माझ्या शेजारीच मांडल्या. सकाळी आम्ही दोघं बरोबरीने शाळेत बसायचो.

"ही लवंग," ताई सांगे.

"असेल बाई," मावशी म्हणत.

असे कितीतरी महिने गेले. मावशी नव्याने आलेल्या मुलींना वासांची नावं शिकवत, तीही केवळ आठवणीतून. वाट्या हुंगायच्या मुलींनी आणि शेवटचा निकाल माझा. इकडे माझंही वय होत होतं. एक चकती झिजली आणि मी चुकू लागलो. या वेळी अडगळीचं नाव कुणी काढलं नाही. ताईने नवी चकती बसवली आणि तिला वास शिकवण्यासाठी कोपऱ्यातल्या टाकीची जपून ठेवलेली एक बंद बाटली कपाटातून काढली.

बाटलीचं झाकण सैल करून ताईने ती कोमट करायला ठेवली. माझे दिवे अजून बंद होते. मावशी पलीकडे वाट्या पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"कुणाचे बूट भिजलेत गं?"

ताईने आपल्या पायांकडे पाहिलं. "कुणाचेच नाहीत, मावशी."

मावशींनी वाटी खाली ठेवली. मान इकडे तिकडे वळवत, हवा चाचपडत त्या माझ्या टेबलाशी आल्या. बाटलीचं झाकण काढून त्यांनी नाक अगदी जवळ नेलं.

"चामडं," त्या पुटपुटल्या. मग एकदम मोठ्याने, "चामडं! ओलं चामडं! शी, शी, काय घाण वास आहे हो!" आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ताईने त्यांना मिठी मारली. इतक्या घाण वासाने इतकं सुखावलेलं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी बाहीत नाक खुपसलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. वर पाहिलं तेव्हा माझ्या पत्र्यावर टपली बसली.

"नाकोबा, मी जिंकले. तू बस ऊब घेत."

मित्रांनो, तुमचंही काही बिघडलं, वास असो की नजर की आणखी काही, तर मावशींसारखं लपवून ठेवू नका. सांगा कुणाला तरी. आणि घरातली एखादी जुनी, पोचलेली वस्तू अडगळीत टाकायच्या आधी, तिच्यात कुणी आपलं काही ठेवलं आहे का, ते जरा बघा. बस, आता मला जाऊ द्या. पुढची बाटली कोमट होत आली आहे. मावशी अजून दारात चप्पल काढत आहेत. निदान आज तरी त्यांच्याआधी दिवा लावायचाच, असं मी ठरवलं आहे.